चिखलदऱ्याची वाट आणि जुनी गाडी

परतवाडा ओलांडला की सातपुड्याचा घाट लागतो आणि अकोला-अमरावतीचे कढत ऊन मागे राहते. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचा चिखलदरा वृद्धांना मानवतो. प्रश्न असतो तो तेथवर सुखाने पोहोचण्याचा. बेताच्या किमतीत त्यासाठी सरकत्या दाराची जुनी ओम्नी किंवा ईको पाहता येते.

गाडी पाहायला घरातील ज्येष्ठांनाच सोबत न्यावे. दांडी धरून त्यांना स्वतः चढता-उतरता आले, तरच सौद्याचे बोलावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. म्हणून नोंदणीचे वर्ष आधी पाहावे. कर्जाचा बोजा उतरलेला असावा. टायरवरील ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. रंगरंगोटीपेक्षा टायर व ब्रेक यांवर खर्च करावा. घाट उतरताना तेच तारतात. आसने काढून पलंग बसवायचा असल्यास परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी.

धुराच्या नळीची गळती अवश्य तपासून घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत कोणीही झोपू नये. परतवाड्यास थांबून ज्येष्ठांना थोडे चालवावे, पाणी द्यावे. मगच घाट चढावा.