तात्या, रिलीव्हर आला नाही

प्रिय तात्या,

रागावू नका, पण आज थोडं भांडायचंय.

१९८२च्या संपात गिरणी गेली आणि तुम्ही वॉचमनचा शर्ट चढवलात. गावाला मात्र "कंपनीत आहे" एवढंच माहीत. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यानं खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला होता. माथाडींच्या धर्तीवर मंडळ आलं. शेजारच्या गेटवरचा मंडळाचा गार्ड आठ तास झाले की डबा उचलून घरी जायचा. तुमचा पॉइंट एजन्सीचा. बारा तास भरले तरी रिलीव्हरचा पत्ता नाही, की लागली डबल ड्युटी. दिसत होतं ना तुम्हाला? मग मंडळात नाव घालायला का नाही गेलात? "आपला साहेब माणूस चांगला आहे." ह्या वाक्याचा मला अजून राग येतो, तात्या. आणि त्याच डबल ड्युटीच्या पैशातून माझी फी भरली गेली, म्हणून तो धड काढताही येत नाही.

पुढे २००५मध्ये केंद्राचा कायदा आला. एजन्सीला परवाना हवा, पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण. त्याखालच्या नमुना नियमांप्रमाणे गार्डला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष प्रशिक्षण. तुम्हाला काय शिकवलं हो? शिट्टी दिली, रजिस्टर दिलं आणि उभं केलं. गार्ड पासष्टीच्या आतला हवा, असंही कायद्यात आहे. एजन्सीच्या कागदावर तुमचं वय मध्येच कसं घटलं, ते तुम्हीच जाणे!

२०२०मध्ये केंद्रानं हे नमुना नियम नवे केले. आता चारित्र्य पडताळणी पोलिसांच्या संगणकावरच्या नोंदी पाहून करायची. चांगलंच आहे. तुमचा कागद गावच्या ठाण्यात किती दिवस पडून होता, आठवतं? पण गार्ड चोर आहे का, हे झटकन कळावं म्हणून एवढी धडपड, आणि गार्डची चोरी होते ती कोण तपासणार? वेतनाचे, प्रॉव्हिडंट फंडाचे कायदे मोडले तर परवाना रद्द करता येतो, अशी तरतूद २००५च्या कायद्यातच आहे. राज्यानं आपले नियम सुधारताना तीच जागी करावी. नूतनीकरणाला आलेल्या एजन्सीकडून मस्टर, पगारपत्रक, फंडाची चलनं मागावीत. आणि एखाद्या रात्री, सुपरवायझर नसताना, गेटवरच्या माणसाला विचारावं, किती वाजल्यापासून उभा आहेस. नियमातली १६० सेंटिमीटर उंची भरते का, ते नंतर मोजलं तरी चालेल.

खर्च वाढेल, माहीत आहे. आमच्याच सोसायटीत सगळ्यात स्वस्त कोटेशन टाळ्या वाजवून पास होतं. तिसऱ्या शिफ्टचं नाव काढलं की मेंटेनन्सची आठवण होते.

ते असो. काकूला ट्रंक उघडायला सांगा. तुमचा फंडाचा नंबर एखाद्या जुन्या चिठ्ठीवर असेल. शेवटच्या एजन्सीनं पगारातून कापलेले पैसे भरले की नाही, ते कळायला हवं. दिवाळीला येतोय, तेव्हा दोघं फंडाच्या ऑफिसात जाऊन येऊ. आधार कार्ड बरोबर ठेवा, खरं वय असलेलं.

तुमचा,
बाळू