दोन चिठ्ठ्या

आमच्या आज्ज्याच्या बापानं १९५२ साली दोन मतं हत्तीला घातली. एक मोजलं, एक बाद झालं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालीय की आता कुणी हसतही नाही.

पणजा मुंबईत गिरणीत बदलीवर होता. अंगठेबहाद्दर. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. हरेक मतदाराच्या हातात दोन चिठ्ठ्या. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. आडोशाला जायचं नि चिठ्ठी पेटीत सोडायची. कायदा असा की दोन्ही मतं एकाच उमेदवाराला चालणार नाहीत. पणजाला हे कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं आणि त्यानं मनावर घेतलं नाही, हे आज्ज्यालाही ठाऊक नाही. पणजाचं बोलणं एकच असायचं, 'बाबासाहेब उभं असताना दुसऱ्याच्या पेटीकडं माझा हात जाईलच कसा?'

बाबासाहेब पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी निवडून आले. सत्तर हजारांवर मतं बाद झाली अशी तक्रार बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी मिळून केली. ती फेटाळली गेली. ज्या माणसानं प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एक किंमत म्हणून घटना लिहिली, तो त्याच घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत पडला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडला.

लहानपणी मला वाटायचं, आमचा पणजा अडाणी, म्हणून मत वाया गेलं. मग सूतगिरणीत लागलो, रात्रपाळी संपली की झोप येत नाही, तेव्हा वाचायची सवय जडली. वाचता वाचता एका ठिकाणी थबकलो. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात अशा अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पदरात टाकता यायची. म्हंजे पणजानं जे केलं ते पंधरा वर्षांपूर्वी कायदेशीर होतं! तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं, मालमत्ता नाहीतर शिक्षण लागायचं. पण ज्या थोड्यांना होतं त्यांनी एकगठ्ठा टाकलं, आणि स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबईतल्या राखीव जागांपैकी बहुतेक जिंकल्या. पुढं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं ती वाट बंद केली. एका उमेदवाराला एकच मत. एका ओळीचा नियम. माझा पणजा अडाणी नव्हता, नियम बदलला होता.

तेव्हापासून 'निवडणुकीची पद्धत' हा शब्द मला वकिली वाटत नाही.

आमच्या खात्यात याच्यावर भांडण चालू आहे. सुरुवात मशीन की कागद इथनं झाली. माझा एक दोस्त रिंग फ्रेमवर असतो, तो तावातावानं म्हणाला, "मशीन बदला, कागद आणा, काय फरक पडणार? राखीव मतदारसंघात निवडतंय कोण ते बघ." खरं आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या २९ आणि लोकसभेच्या ५ जागा अनुसूचित जातींना राखीव. उमेदवार आपला. पण २०११ च्या जनगणनेत या राज्यात आपण शंभरात बाराच्या आत. राखीव मतदारसंघातही बहुतेक ठिकाणी बाकीचे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. मग तिकीट कुणाला मिळणार? जो वाड्यावर जाऊन खाली मान घालून उभा राहील त्याला. आमच्या गावात राखीव सरपंच झाला तेव्हा बघितलंय. खुर्ची त्याची, शिक्का दुसऱ्याच्या खिशात. आमच्या वस्तीतल्या नळाचा अर्ज तीन वर्षं त्याच खिशात होता.

दोस्त म्हणतो, स्वतंत्र मतदारसंघ हवेत. १६ ऑगस्ट १९३२ ला मॅक्डोनल्डच्या निवाड्यानं ते दिले होते, वर सर्वसाधारण मतदारसंघातही मत होतं. दोन मतं! २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचं उपोषण सुरू झालं, २४ ला करारावर सह्या. जागा ७१ वरून १४८ झाल्या, दुपटीच्या वर. पण निवडायचा शेवटचा हात दुसऱ्याचा झाला. आधी आपण चारजण निवडायचे, मग त्या चारांतला कुठला चालेल ते सगळ्यांनी ठरवायचं. घरात चार भाकरी आपण थापायच्या नि कुठली वाढायची ते शेजाऱ्यानं सांगायचं.

मी त्याला म्हणालो, आज वेगळं काढलं तर गाव म्हणेल, तुमचं तुमच्याकडं, आमच्या उमेदवाराला तुमची गरज नाही. मग तुमच्या वस्तीत हात जोडायला तरी कोण येईल? तो म्हणाला, "हात जोडतात, पुढं काय करतात?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मला मधला रस्ता वाटतो तो प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा. जितकी मतं तितक्या जागा. इथं मोठी अडचण म्हंजे खुद्द बाबासाहेब. जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत ही मागणी केली तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला. लोक निरक्षर, पद्धत किचकट, आणि सभागृहाचे तुकडे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही. आमच्यातले काहीजण एवढं ऐकलं की हात जोडून गप्प बसतात. मी बसत नाही. कारण १९४६ ला बाबासाहेब घटना समितीत गेले ते बंगालच्या विधिमंडळातून, जोगेंद्रनाथ मंडलांच्या साथीनं, आणि ती निवडणूक प्रमाणशीर पद्धतीनं, पसंतीक्रमाच्या मतांनी झाली होती. मुंबईतून तेव्हा दार बंद होतं. ही पद्धत नसती तर मूठभर मतांवर ते आत गेले असते का? आणि निरक्षरतेचं म्हणाल, तर पणजाला अंगठा होता, मला पेन आहे.

सरकार न टिकण्याचा मुद्दा मात्र मी झटकून टाकत नाही. दहा पक्षांच्या खिचडीत आपलेच चार आमदार सगळ्यात आधी विकले जातील, ही भीती मलाही आहे.

न्यूझीलंडनं १९९३ ला सार्वमत घेऊन पद्धत बदलली, १९९६ ची निवडणूक नव्या प्रमाणशीर रीतीनं झाली. तिथल्या माओरी लोकांना १८६७ पासून वेगळ्या जागा आहेत. माओरी माणूस स्वतः ठरवतो, नाव सर्वसाधारण यादीत ठेवायचं की माओरी यादीत. हे वाचून मी दोस्ताला रात्री दोन वाजता मशीनच्या आवाजात ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याला कोण विचारतंय?"

विचारतात, पण दुसऱ्यांचं अडलं की. १९५७ ला आंध्रात पार्वतीपुरमच्या दोन जागांच्या मतदारसंघात दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या, पुढं राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. ते सुप्रीम कोर्टात गेले, १९५९ ला तिथंही हरले. १९६१ ला कायदा करून दोन जागांचे मतदारसंघच मोडले. मतदारसंघ फार मोठे पडतात, असं कारण दिलं. असेल. पण १९५२ ला ते लहान होते काय?

आता २०१९ च्या घटनादुरुस्तीनं राखीव जागांना दिलेली मुदत २०३० पर्यंत आहे. त्या वेळी मुदत वाढवा एवढंच म्हणायचं, की निवडायची रीतच बदला म्हणायचं, यावर आमचं जमत नाही. दोस्तानं पत्रक लिहिलंय, मी त्यावर सही केलेली नाही. माझं वेगळं लिहितोय. दोन्ही घेऊन रविवारी आज्ज्याकडं गेलो. दोन्ही वाचून दाखवली. म्हातारा ऐकत होता की पेंगत होता कळेना. मग म्हणाला, "त्या तुझ्या नव्या रीतीत दोन्ही चिठ्ठ्या एका पेटीत चालतील का रं?"

मी म्हणालो, बघून सांगतो.