गाळपेर आणि सातबारा

आमच्या उजनीकाठी पूर्वी धंद्याला पत्ता लागायचा नाही, नाव पुरायचं. जेऊर स्टेशनवर उतरून अमक्याची पेढी म्हटलं की कुणीही वाटेला लावून द्यायचं. माल अडतीला गेला की मागाहून पट्टी यायची. वजन, तूट, हमाली, तोलाई, अडत, सगळं मुनिमाच्या हातचं. ते अक्षर घरातल्या पोरांनाही ओळखू यायचं. अक्षर बदललं की वडीलधारी माणसं सावध व्हायची. फारच शंका आली तर रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी अडत्याच्या गाळ्यावर जाऊन उभं राहायचं. फसवणूक तेव्हाही होत होतीच, पण फसवणाऱ्याला तोंड होतं, दार होतं.

1980 साली उजनीचं धरण पुरं झालं. भीमेचा यशवंतसागर झाला, जुनी गावठाणं पाण्याखाली गेली, माणसं वर सरकली. पुढे त्याच पाण्यावर ऊस आला, केळी आली, मासेमारी वाढली. आज कंदरची केळी आखाती देशांत जातात. पॅकहाऊसमध्ये जरा थांबून बघा: घडाच्या फण्या सोडवायच्या, हौदात चीक धुवायचा, तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, डाग असलेली फणी बाजूला टाकायची आणि उरलेल्या फण्या तेरा किलोच्या पेटीत नेमक्या बसवायच्या. बायकांचे हात इतके हलके चालतात की सालीवर ओरखडा उठत नाही. आणि एवढ्या निगुतीने भरलेल्या पेटीवरचं नाव दुबईतल्या खरेदीदाराने फोनवर टाइप केलं, तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. सापडलंच तर कुणा भाच्याने कधीतरी करून दिलेलं अर्धवट पान, त्यावर बंद पडलेला नंबर आणि ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा ब्राउझरचा इशारा. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पाहुण्यांचंही तेच. हिवाळ्यात रोहित पक्षी आले की भिगवण, कुंभारगावपासून आमच्या काठापर्यंत होड्यांना गर्दी होते. पूर्वी माणूस काठावर यायचा, होडीवाल्याशी बोलायचा, मग बसायचा. आता घरबसल्या आगाऊ पैसे भरून येतो. एका रविवारी पहाटे पुण्याचं एक कुटुंब असंच आलं. पैसे भरल्याची पावती होती, फोटो आमच्याच होडीवाल्याचा होता, पण ज्या पानावर पैसे भरले ते त्याचं नव्हतंच. त्याने पदरचं डिझेल घालून त्यांना पक्षी दाखवले, कारण नाव त्याचं खराब होत होतं. शिवाय मे 2024 मध्ये कळाशी-कुगावची बोट उलटून सहा जण गेले. तेव्हापासून येणारा आधी लाइफ जॅकेटचं आणि परवान्याचं विचारतो. त्याने विचारण्याआधीच ते त्याला दिसलं पाहिजे.

पाणी हटलं की आपल्याकडे गाळपेर करतात. जमीन कसदार, पीक झकास, पण जमीन आपली नाही. फेसबुकचं पान आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट ही गाळपेरच. जरूर करावी. पण तिथलं खातं एका रात्रीत बंद होऊ शकतं, दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. पिढ्यांच्या धंद्याला सातबारा लागतो. तो म्हणजे स्वतःची वेबसाइट.

सातबाऱ्यासारखंच तिथेही आधी नाव बघावं. डोमेनची नोंद धंद्याच्या मालकाच्या नावावर हवी, करून देणाऱ्या पोराच्या नाही. नूतनीकरणाची तारीख चुकली तर तेच नाव उद्या दुसरा घेऊ शकतो. 2014 पासून ‘.भारत’मुळे पत्ता देवनागरीतही घेता येतो. पत्त्याआधी एचटीटीपीएस असणं आवश्यकच, पण त्याने एवढंच होतं की ग्राहकाने भरलेला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. समोरचा खरा आहे याची ती हमी नव्हे. भामट्यालाही ते प्रमाणपत्र फुकट मिळतं. म्हणून पत्ता, परवाना, होडीचे खरे फोटो, पैसे कोणत्या नावाच्या खात्यात जातील, हे ठळक लिहावं. पासवर्डसोबत ओटीपी ठेवावा, साइटची प्रत दुसरीकडे जपावी, अपडेट थकवू नयेत. हे जाणकाराचं काम आहे. बोअरला मोटर बसवताना आपण वायरमन बोलावतोच, तिथे खर्चाला मागे-पुढे बघत नाही. आणि कुणी आपल्या नावावर पैसे उकळतोय असं कळलं तर तासभरही न दवडता 1930 ला फोन करावा.

पुढच्या हंगामाच्या पेट्या छपाईला जातील तेव्हा नावाखाली वेबसाइटचा पत्ताही जाऊ द्या. त्या ओळीला छापखानेवाला जास्तीचे पैसे मागणार नाही.