हायपर आणि हायपो

नातवंडे हौसेने पाठ करतात तो ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ हा ४५ इंग्रजी अक्षरांचा शब्द १९३५ साली अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या मेळाव्यात पुढे आला. अर्थ एवढाच, की सिलिकाच्या सूक्ष्म धुळीने जडलेला फुप्फुसाचा विकार. माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात तो एकाही कागदावर आढळला नाही.

आपल्या फाइलीतले शब्द मात्र जपून वाचावेत. ‘हायपरकलेमिया’ घ्या. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘कलियम’ हे पोटॅशियमचे लॅटिन नाव, ‘एमिया’ म्हणजे रक्तातील स्थिती. ‘हायपोकलेमिया’त हेच पोटॅशियम कमी असते. परगावच्या मुलाला फोनवर अहवाल वाचून दाखवताना ‘पर’चा ‘पो’ झाला, की सारे पथ्यच उलटते. आणि आपल्या मुक्ताईनगरसारख्या केळीच्या मुलखात ते उलटायला वेळ लागत नाही. मूत्रपिंडे थकलेल्या माणसाला अशक्तपणा आला, की घरचे प्रेमाने केळी आणि शहाळे पुढे करतात. दोहोंतही पोटॅशियम भरपूर. रक्तात ते फार वाढले, तर हृदयाची लय बिघडते. प्रसंगी हृदय थांबतेही. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते.

म्हणून शब्दाशेजारचा आकडाही पाहा. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे. त्याबाहेर गेल्यास त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंडे धडधाकट असलेल्या आजोबांनी मात्र हे वाचून दारी आलेला केळीचा घड परत पाठवू नये.