सायकलची किंमत

मध्यंतरी कार्यालयीन कामानिमित्त इरुंगाट्टुकोट्टै येथे जाणे झाले. चेन्नई-बंगळुरू महामार्गावरील ही मोठी औद्योगिक वसाहत. ह्युंदाईचा कारखाना येथे १९९८ पासून सुरू आहे. गावाला रेल्वे स्थानक मात्र नाही. सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकापाशी माझे फोनवरचे मराठी ऐकून नांदेडकडचा एक कंत्राटी कामगार जवळ आला. पूर्वी तो खोलीपासून स्थानकापर्यंत सायकलने, पुढे लोकलने व शेवटी कंपनीच्या बसने येत असे. गेल्या पावसाळ्यात स्थानकाबाहेरील कठड्याला बांधलेली त्याची सायकल चोरीस गेली.

"जुनीच होती साहेब, अठराशेची. पण बस चुकली की हजेरी गेली."

पोलिसांत गेल्यावर हद्दीचा प्रश्न निघाला, आणि नंतर किमतीचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांनुसार पाच हजारांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. जुन्या दंडसंहितेचे कलम ३७९ अशी किंमत पाहत नसे. रेल्वे मालमत्तेविषयीचा १९६६ चा कायदाही येथे उपयोगी नाही. पार्सल म्हणून नोंदविलेली सायकल रेल्वेच्या ताब्यात असते, कठड्याला बांधलेली नसते.

पोलिसांवरील भार हलका करण्याचा हेतू मला समजतो. परंतु गॅरी बेकर यांनी १९६८ साली मांडल्याप्रमाणे गुन्हेगार शिक्षेइतकीच पकडले जाण्याची शक्यताही जमेस धरतो. तपासच होणार नसेल तर ही शक्यता जवळजवळ शून्य. शिवाय बाजारभाव हे नुकसानीचे माप नव्हे. या तरुणाने अखेर कारखान्याजवळ खोली घेतली. भाडे महिना बाराशेने वाढले. दोन महिन्यांतच सायकलच्या किमतीहून अधिक रक्कम गेली.

तेव्हा भिस्त प्रतिबंधावरच. वाहनतळाचे कंत्राट देताना सायकलींसाठी राखीव, पहाऱ्यातील जागा व पावतीवर फ्रेमचा क्रमांक, एवढ्या दोन अटी घालणे अवघड नाही. (निविदेत याहून निरर्थक अटी मी स्वतः घातल्या आहेत.) आमच्या लहानपणी नगरपालिका सायकलला पितळी बिल्ला देई. हेतू कराचा असला, तरी मालकीची नोंद आपोआप होत असे. जपानमध्ये सायकलची अशी नोंदणी आजही बंधनकारक आहे.

मी त्याला फ्रेमचा क्रमांक विचारला. असा क्रमांक असतो हेच त्यास ठाऊक नव्हते. फाटकाशी त्याची नवी, म्हणजे पुन्हा जुनीच, सायकल उभी होती. आम्ही दोघांनी वाकून सीटखालचा गंज फडक्याने पुसला. त्याने आकडे मोबाईलमध्ये लिहून घेतले. शेवटचे दोन काही केल्या लागले नाहीत.