सत्तेचाळीस धावा

बुऱ्हाणपूरला शनवारा दरवाजाच्या आत आमचं घर आणि भिंतीपलीकडे मागांची खटखट. आमचा चेंडूही मागावरचाच. तुटक्या सुताचा गोळा करायचा, त्यावर चिंध्या आवळायच्या आणि सायकलच्या फाटक्या ट्यूबची वळी कापून चढवायची. दोन दिवस टिकला तर नशीब. पावसात भिजला की विटेएवढा जड व्हायचा.

आमचे नाना ओट्यावर बसून खेळ बघत. विकेट मिळाली म्हणून मी नाचायला लागलो की म्हणत, "विकेट काय, आंधळ्यालाही मिळते. धाव न देणं शीक. घासूसारखं."

घासू म्हणजे हिरालाल गायकवाड. जन्म 1923चा, नागपूरचा. तेव्हा आमचं बुऱ्हाणपूरही नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होतं, त्यामुळे नाना त्याला गाववालाच समजत. इंदूरच्या होळकर संघात, सी. के. नायडूंच्या हाताखाली, तो डाव्या हाताने तासन्‌तास गोलंदाजी करायचा.

ऑक्टोबर 1952. लखनौला पाकिस्तानविरुद्ध कसोटी, तागाच्या मॅटिंगवर. विनू मांकड त्या सामन्यात नव्हते आणि घासूला जागा मिळाली. पाकिस्तानच्या फझल महमूदने 12 बळी घेतले, नझर मोहम्मद 124 वर नाबाद राहिला, भारत डावाने हरला. घासूने 37 षटकं टाकली, 47 धावा दिल्या. बळी एकही नाही. पुढच्या कसोटीला मांकड परतले आणि घासूची कसोटी कारकीर्द संपली. त्याच हंगामात होळकर संघाने रणजी करंडक जिंकला, पण नानांच्या तोंडी मात्र लखनौच. हे आकडे ते पाढ्यासारखे म्हणायचे.

आता ओटा गेला, तिथे मोटारसायकली उभ्या असतात. माग विजेचे झाले. चौकातल्या मावा जिलेबीचा वास तेवढा तसाच आहे. गल्लीतली पोरं टेनिस बॉलने खेळतात, तीही मोठ्या गाड्यांची वर्दळ नसेल तेव्हा. 2022 मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी जिंकली, तेव्हा कुमार कार्तिकेयची डावखुरी फिरकी मी टीव्हीवर बघितली. होळकर संघ मोडल्यालाही तोवर साठाहून जास्त वर्षं झाली होती.

परवा नातू मोबाइलवर आयपीएल बघत बसला होता. कुठल्याशा गोलंदाजाची चार षटकं संपली. "आजोबा, बघा, सत्तेचाळीस दिले! धुतला त्याला."

सत्तेचाळीस ऐकलं आणि मी घासूची गोष्ट सांगितली. पोराने आधी विचारलं, "विकेट किती?"

"शून्य."

"मग फेल."

"सदतीस षटकं टाकली होती."

तो थांबला. बोटांवर हिशेब केला. "म्हणजे नऊ बॉलरांचा कोटा, वर एक ओव्हर? आणि धावा तेवढ्याच?"

"तेवढ्याच."

हिरालाल गायकवाड 2003 साली वारले, जळगावला. भुसावळ ओलांडलं की जळगाव. इथून गाडीत बसलं तर पेपर वाचून होईतो येतं. घासू इतका जवळ आहे हे नानांना कुणी सांगितलं असतं, तर ते नक्की जाऊन भेटले असते. मीही कधी गेलो नाही.

नातवाने मोबाइल पालथा ठेवला. "मग पुढच्या मॅचला का नाही घेतलं त्यांना?"

नाना ओट्यावर बसून हाच प्रश्न विचारायचे, फक्त आवाज चढवून.