कलेजी-पेट्याची रोहिणी

चिकनच्या दुकानात कलेजी आणि पेटा एकाच पिशवीत पडतात. कोंबडीच्या पोटातही त्यांचा शेजार तसाच आहे. दोघांना शुद्ध रक्त पोचवणारी रोहिणी एकच, सीलिअॅक. (कलेजीला आतड्यांकडूनही नीलेवाटे रक्त येतं, पण तो हिशेब वेगळा.)

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा धडा नकोसा वाटतो. नावांची जंत्री पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. म्हणून मी पुस्तक मिटायला सांगतो. मेलेल्या कोंबडीच्या महारोहिणीत लाल लॅटेक्स भरून ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवली, की ते आत घट्ट होतं आणि केसाएवढे फाटेही डोळ्यांना दिसू लागतात. पहिलंच आश्चर्य हृदयाजवळ भेटतं. आपली महारोहिणी डावीकडे वळते, पक्ष्याची उजवीकडे.

पुढे सीलिअॅक फुटते. जठराच्या ग्रंथींच्या भागाला फाटा देऊन ती डावी-उजवी होते. पेट्याला दोन्ही बाजूंनी रक्त मिळतं. दात नसलेल्या पक्ष्याचं दळण त्याच जाड स्नायूंच्या जोरावर चालतं, तेव्हा हा थाट वाजवीच. उजवी फांदी अधिक दांडगी. प्लीहेला देते, यकृताला देते, मग आद्यांत्राच्या वळशात बसलेल्या स्वादुपिंडाच्या कडेने जाते. तिचाच एक फाटा शेषांत्र आणि त्याला चिकटून असलेल्या दोन आंधळ्या आतड्यांपर्यंत पोचतो. सस्तन प्राण्यांत सीलिअॅक इतकी खाली उतरत नाही. कोंबडीत तिथे तिला अग्र आंत्ररोहिणीची जोड असते. रक्ती हगवणीत हीच आंधळी आतडी रक्ताने तट्ट फुगतात. आयमेरिया टेनेला हा परजीवी त्यांचं अस्तर फोडतो आणि आतल्या सूक्ष्म वाहिन्या उघड्या पडतात. पश्च आंत्ररोहिणी बारीक, गुदांत्र आणि अवस्कराच्या परिसरापुरती. गळ्यातल्या अन्नपिशवीचा तर या तिघींशी संबंधच नाही, तिचं रक्त मानेतल्या रोहिणींकडून येतं.

हे सगळं कशासाठी शिकायचं, याचं उत्तर विदर्भातल्या मे महिन्यात मिळतं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ऊन चढलं की तिचं शरीर रक्त तुरा, गलोल आणि पायांच्या त्वचेकडे वळवतं, म्हणजे उष्णता बाहेर जाईल. ते रक्त काढायचं कुठून? पोटातून. आतड्याचा वाटा घटतो, अस्तराला प्राणवायू कमी पडतो, ते दुबळं होतं आणि जंतूंची विषं आत झिरपतात. पक्षी खात नाही, कारण पचवणंही उष्णता वाढवणारंच काम. जाणता पोल्ट्रीवाला दुपारी खाद्य उचलून ठेवतो, पहाटे आणि संध्याकाळी देतो. त्याला सीलिअॅकचं नाव माहीत नसतं, आणि त्याचं काही अडतही नाही. माझं अडतं. उन्हाळ्यात कुणी मेलेला पक्षी तपासायला आणला, की सुरी हातात घेण्याआधी मी शेडचं छप्पर कशाचं आहे ते विचारतो.